वादळ्याचा रिकामा फुगा

“दीड तारा,” माझ्या लेकीने फोनवरून वाचून दाखवलं.

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. “अर्धा तारा काढतात कसा? टोकं पाच. मधोमध कापला तर वरचं टोक चिरतं. दिसायला वाईट.”

“आजोबा, मुद्दा तो नाहीये. चित्रपट वाईट आहे असं म्हणतायत सगळे.”

“सगळे म्हणजे किती?”

“मी सात परीक्षणं वाचली. त्यातल्या त्यात दयाळू माणसाने दीड दिलाय.” तिने पुढचं वाचलं, “‘वाऱ्यावर उडणाऱ्या नायकाचा हा चित्रपट अडीच तासांत जागचा हलत नाही.’”

काका हसले नाहीत. बशीत सांडलेला थेंब बोटाने पुसत त्यांनी विचारलं, “त्यात कुठे पाण्याबद्दल काही लिहिलंय का?”

“पाणी?”

“असंच. पाणी, तहान, काहीही.”

लेकीने माझ्याकडे बघितलं. मलाही काही उमगलं नाही.

हे काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. वय अठ्ठ्याहत्तर, अंगाने उंच, मानेत किंचित वाकलेले, उजव्या हाताच्या मधल्या बोटावर टाकाने पाडलेला घट्टा. एकतीस वर्षं त्यांनी एका छापखान्यात चित्रकथांच्या मासिकासाठी अक्षरं लिहिली. म्हणजे गोष्ट एकाची, चित्रं दुसऱ्याची, आणि पात्रांच्या तोंडातून निघणाऱ्या पांढऱ्या गोलात जी वाक्यं असतात ती काकांच्या हातची. त्या गोलाला छापखान्यात फुगा म्हणत, म्हणून काकांचं तिथलं नाव फुगेवाले. मासिकाचा नायक वादळ्या. तपकिरी झगा, डोळ्यांवर पट्टी, वारा सुटला की हा उडणार. वारा पडला की बिचारा तुमच्या-माझ्यासारखा पायी चालत जायचा आणि त्याला पोचायला उशीर व्हायचा. मुलांना तो उडण्यापेक्षा चालतानाच जास्त आवडायचा. त्याच वादळ्यावर आता मोठा चित्रपट आला होता आणि पहिल्याच आठवड्यात त्याची पुरती शोभा झाली होती.

कॉलेजची तीन वर्षं मी मावशीकडे राहून काढली, त्यामुळे हे घर मला आतून-बाहेरून ठाऊक आहे. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर काकांच्या हातची चिठ्ठी. वादळ्याच्या जगात उद्गारचिन्हाशिवाय कोणी तोंडच उघडत नसे, त्यामुळे काकांच्या हाताला तीच सवय लागलेली. ‘साखर!’ ‘मीठ!’ ‘जुनी बटणं!’ वाण्याकडची यादीसुद्धा तशीच. वाणी म्हणायचा, तुमच्या घरचा साबण संपला की मला घाम फुटतो. भांडं पडलं की इतर घरांत ‘काय पडलं’ असं विचारतात. काका बाहेरच्या खोलीतून म्हणायचे, “झाकण ना? ‘खणंग’ झालं. ‘ठण्ण’ नाही झालं.” आणि मावशी आतून, “तुमच्या खणंगाने माझा अंगठा सुजलाय, तेवढं लिहून ठेवा.”

मावशी हॉस्पिटलात चौकशीच्या खिडकीवर होती. सत्तावीस वर्षं. तिच्यासमोर काच, काचेला बशीएवढं भोक, आणि त्या भोकातून दिवसभर घाबरलेली माणसं अर्धीमुर्धी वाक्यं आत टाकायची. “माझे वडील... आत्ता... ते कुठे...” मावशी त्या प्रत्येकाला समोरच्या बाकाकडे बोट करून सांगायची, “आधी बस. पाणी पी. मग सांग.” मोठ्यांना ‘बसा, प्या, सांगा’, लहानांना ‘बस, पी, सांग’. सूर तोच. घरीही तेच चालायचं. मी गणितात नापास झाल्याचं सांगायला जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या ओलांडत आले तेव्हा माझ्याही हातात आधी भांडं आलं. पाणी पिऊन होईपर्यंत नापास होण्यातली निम्मी धग गेलेली होती.

आणि या मावशीने वादळ्याचा एकही अंक वाचलेला नव्हता. म्हणायची, “दिवसभर माणसांच्या तोंडचं ऐकून येते. घरी आल्यावर पुन्हा कोणाच्या तोंडचे फुगे वाचत बसू?” यात टोमणा नव्हता. तीही काकांना हॉस्पिटलच्या फायली वाचा म्हणायची नाही.

तो रविवार होता. त्याच दुपारी वादळ्याच्या चित्रकाराचा फोन आला. ऐंशी उलटलेला माणूस, पण आवाज खणखणीत. फोन कानापासून वीतभर दूर धरला तरी खोलीभर ऐकू येत होता.

“फुगेवाले, जाऊ नकोस. मी मध्यंतरात उठून आलो.”

“एवढं वाईट?”

“अरे, हनुवटी केलीय त्याला. मी एकतीस वर्षं त्या पोराला साधी हनुवटी दिली, आणि यांनी तिथे उंबरठा बसवलाय. शिवाय वारा नसतानाही उडतो.”

“वारा नसताना?”

“सरळ वर. मग चालणार कधी?”

काकांनी फोन दुसऱ्या हातात घेतला. मग हळूच, भिंतीकडे तोंड करून म्हणाले, “पाण्याचं काही होतं का रे?”

“मध्यंतरापर्यंत तरी नव्हतं. पुढचं मला माहीत नाही.”

फोन ठेवून काका गॅलरीत जाऊन उभे राहिले. मी मागोमाग गेले. मावशी आत कपड्यांना इस्त्री करत होती. मी दार ओढून घेतलं.

“काका, हे पाण्याचं काय आहे?”

त्यांनी आधी कठड्यावरची धूळ पुसली. मग सांगितलं. इतक्या वर्षांत त्यांनी ते कोणाला सांगितलं नव्हतं.

त्या छापखान्याची कामाची रीत जरा उलटी होती. दुसरीकडे म्हणे आधी अक्षरं लिहितात आणि मग त्यांच्याभोवती फुगा काढतात. इथे चित्रकार लेखकाच्या कागदावरून वाक्यं मोजायचा, तेवढे फुगे काढून मोकळा व्हायचा आणि पान काकांकडे यायचं. काका टाकाने फुगे भरायचे. एकदा झालं असं, की पान चित्रकाराच्या हातून निघाल्यावर संपादकांनी एक वाक्य कापलं. मागच्या पानावर तेच होतं म्हणून. वाक्य गेलं, फुगा राहिला. चित्रात एक टपालवाला धापा टाकत वादळ्यापुढे उभा, वादळ्याचं तोंड उघडं, आणि त्याच्या तोंडातून निघालेला मोठा थोरला फुगा पांढराफट्ट. पान चारला छपाईला जाणार. चित्रकार सुट्टीवर, लेखक परगावी, संपादक दातांच्या डॉक्टरकडे, तोंड उघडून. फुगा खोडावा तर मागचं आभाळ पुन्हा रंगवावं लागणार, आणि काकांना अक्षरापलीकडे काही येत नव्हतं.

“मी त्या टपालवाल्याकडे बघत बसलो,” काका म्हणाले. “इतका दमलेला होता. मला वाटलं, आपल्याकडे आला असता तर हिने काय केलं असतं? आणि हात आपोआप चालला. ‘आधी पाणी पी! मग सांग!’”

“मग?”

“मग संपादकांनी दुसऱ्या दिवशी सुजल्या गालाने मला झापलं. म्हणाले, जगाचं रक्षण करणारा माणूस पाणी विचारत बसेल का? आणि महिन्याभरात वाचकांची पत्रं आली, ढिगाने. पोरांना ते वाक्य भलतंच आवडलं. मग दर अंकात एकदा तरी ते यायलाच लागलं. शेवटच्या अंकापर्यंत.”

“आणि मावशीला माहीतच नाही?”

“तो पहिला अंक आला त्याच दिवशी मी पिशवीत घालून घरी आणला. तिला दाखवायला. आलो तर ही खुर्चीत गप्प बसलेली. हॉस्पिटलातल्या दोघा पोरगेल्या डॉक्टरांनी तिची नक्कल केली होती, खिडकीसमोरच. ‘आधी बसा, पाणी प्या.’ रांगेतली माणसं हसली. मला म्हणाली, मी इतकी हास्यास्पद बोलते का हो?” काकांनी पुन्हा कठडा पुसला. “त्यावर मी काय अंक काढून दाखवणार? बघ, मीही केलीय तुझी नक्कल, रंगीत? ठेवला परत पिशवीत. म्हटलं, आठवड्याने सांगू. मग वर्ष गेलं. वर्षाने सांगायचं म्हणजे वर्षभर का नाही सांगितलं तेही सांगायला हवं.”

आता मला कळलं. एवढ्या मोठ्या पडद्यावर, एवढ्या मोठ्या आवाजात ते वाक्य आलं असतं आणि शेजारी मावशी बसलेली असती, तर काकांना काही सांगावंच लागलं नसतं. तिचं बोलणं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं, एका वीराच्या तोंडी शोभण्यासारखं होतं, हे तिला आपोआप दिसलं असतं. काकांना चित्रपट चांगला हवाच नव्हता. त्यातलं एक वाक्य हवं होतं.

“शुक्रवारी काढतायत तो थिएटरातून,” मी म्हटलं. “आता दिवसाला एकच खेळ आहे. दुपारी बाराचा.”

“म्हणून तर.”

मावशीला पटवणं सोपं नव्हतं. “दीड ताऱ्याच्या चित्रपटासाठी मी इस्त्रीचे कपडे घालू?” ती म्हणाली. “तुम्ही जा हिच्याबरोबर. मला येऊन गोष्ट सांगा, मी पंख्याखाली पडून ऐकते.”

“नको. तू चल.”

“का?”

“तुझ्याशिवाय मला नाही बघायचा.”

काकांनी उभ्या आयुष्यात कशाचा हट्ट धरला नव्हता. भाजीत मीठ नसलं तर हे उठून ‘मीठ!’चा डबा आणायचे, बोलायचे नाहीत. मावशीने इस्त्री उभी केली आणि त्यांच्याकडे नीट निरखून बघितलं.

“ताप आहे का तुम्हाला?” ती म्हणाली. पण बुधवारी अकरालाच पर्स घेऊन दारात उभी होती. पर्समध्ये पाण्याची बाटली, कारण ती बाटलीशिवाय कोपऱ्यावरच्या दुकानातही जात नाही.

थिएटरात दोनशे खुर्च्या आणि माणसं तेवीस. जाहिराती चालू असताना मी मोजली. आमच्या पुढच्या रांगेत चाळिशीतले सहा पुरुष बसले होते, गळ्यात ऑफिसची ओळखपत्रं, हातांत पॉपकॉर्नचे डबे, आणि शाळा बुडवून आल्यासारखं खुसखुसत होते. मला वाटलं, हे दंगा करणार. मी मनातल्या मनात त्यांच्यावर एक ताराही न देता काट मारली.

चित्रपट खरंच वाईट होता. मला वादळ्याशी तसं देणंघेणं नाही, पण हनुवटीबद्दल चित्रकार खोटं बोलला नव्हता. सारखा अंधार, सारखा पाऊस, आणि नायक कोणाशीही बोलताना पाठ करून उभा. “याला सर्दी कशी होत नाही?” मावशीने विचारलं. थोड्या वेळाने, “आणि हा तोंड समोर करून का बोलत नाही? काय चोरलंय याने?”

काका मात्र खुर्चीच्या कडेवर. पडद्यावर कोणी धावत आलं की त्यांचा हात खुर्चीच्या दांडीवर घट्ट आवळला जायचा. पहिल्यांदा एक सैनिक धापा टाकत आला. वादळ्याने विचारलं, “किती आहेत?” हात सैल. मग एक बाई धावत आली. वादळ्याने तिचं अर्धं वाक्य ऐकलं आणि तो सरळ वर उडाला. वारा नसताना. काकांनी डोळे मिटले.

मध्यंतरात ते मला हळूच म्हणाले, “नाही घेतलं बहुतेक.” आवाजात तक्रार नव्हती, पण त्यांची मान नेहमीपेक्षा जरा जास्त वाकली होती. मावशीने विचारलं, “उठायचं का? पाय आखडलेत तुमचे.” ते म्हणाले, “शेवटपर्यंत बसू.”

मध्यंतरानंतर वीसेक मिनिटांनी एक म्हातारा पोलीस पुलावरून धावत आला. छातीवर हात, श्वास लागलेला. “वादळ्या... तिकडे... धरण...” कॅमेरा वादळ्याच्या तोंडावर. वादळ्याने तोंड उघडलं. आणि पुढच्या रांगेतून एकाने खणखणीत आवाजात म्हटलं,

“आधी पाणी पी. मग सांग.”

थिएटर हसलं. वादळ्या पुढे काय बोलला ते कोणालाच ऐकू आलं नाही.

काका हसले नाहीत. ते मावशीकडे बघत होते. मावशी ताठ बसली होती. मला हॉस्पिटलातल्या खिडकीसमोरची ती हसणारी रांग आठवली. नको तेच झालं होतं. वाक्य आलं, पण हशा घेऊन आलं.

“कोण आहे तो?” मावशीने दबक्या आवाजात विचारलं. “हॉस्पिटलातला आहे का? मला ओळखतो?”

इतक्यात पडद्यावर आणखी एक जण धावत आला, आणि या खेपेला सहाही जण एका सुरात म्हणाले. मागून एका बाईनेही म्हटलं. डावीकडच्या कोपऱ्यातून कोणीतरी अर्ध्यापासून सामील झालं. तेवीस माणसांत निम्म्यांना ते पाठ होतं. हसत होते, पण लहानपणीचं गाणं सापडल्यावर माणसं हसतात तसं.

मावशी काकांकडे वळली. “अहो, हे माझं आहे.”

“हो,” काका म्हणाले. “म्हणजे ते... एका अंकात... फुगा राहिला होता, आणि मी... टपालवाला...” त्यांनी हवेत बोटाने एक गोल काढला. 

मावशीने पर्स उघडली, बाटली काढली, झाकण फिरवलं आणि त्यांच्या हातात दिली.

“आधी पाणी प्या,” ती म्हणाली. “मग सांगा.”

पुढचा माणूस गर्रकन मागे वळला. “वा, काकू. पण ‘प्या’ नाही, ‘पी’.”

“माझ्या नवऱ्याला मी काय म्हणायचं ते तुम्ही शिकवणार?”

तो ओशाळून पुढे वळला. काका पाणी प्यायले. मग त्या अंधारात, धरण फुटण्याच्या प्रचंड आवाजात, तिच्या कानाशी वाकून त्यांनी सगळं सांगितलं. धरण फुटून पाणी ओसरलं तरी सांगणं संपलं नव्हतं. मावशीचं तोंड मला दिसत नव्हतं. फक्त बाटली पुन्हा तिच्याकडे आली, तिने स्वतः एक घोट घेतला आणि झाकण लावलं, एवढं दिसलं.

दिवे लागल्यावर तो मघाचा माणूस मुद्दाम थांबला होता. टक्कल पडलेला, शर्टावर पॉपकॉर्नचा चुरा. “काकू, रागावलात का?”

“तुम्ही हसत का होता, ते सांगा.”

“अहो, आम्ही शाळेपासूनचे मित्र. परीक्षेच्या आधी कोणी रडकुंडीला आला की बाकीचे त्याला हेच म्हणायचे. आजही ऑफिसात कोणी धावत आलं की मी हेच म्हणतो. पहिल्या दिवशी आम्ही चित्रपट बघितला, तर त्यात वाक्यच नाही. मग ठरवलं, काढून टाकायच्या आधी एकदा जाऊ आणि आपणच म्हणू.”

“म्हणजे हा चित्रपट तुम्ही दोनदा बघितलात?” मावशीला हे सगळ्यात जास्त धक्कादायक वाटलं.

“दुसऱ्यांदा बरा वाटला.”

काका म्हणाले, “वाक्य मूळ यांचंच आहे. मी फक्त लिहिलं.”

त्या माणसाने काकांकडे पाहिलं, त्यांच्या बोटावरच्या घट्ट्याकडे पाहिलं, मग मावशीकडे. त्याच्या तोंडून अर्धंच वाक्य निघालं. “म्हणजे तुम्ही... म्हणजे वादळ्याचं... तुम्ही...”

मावशीने पर्सकडे हात नेला, तसे सहाही जण हसायला लागले. आणि मावशीही.

टॅक्सीत ती पर्स मांडीवर धरून बसली. काका खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं, घरी गेल्यावर बरंच काही निघणार. घरी गेल्यावर तिने चपला काढल्या, पंखा लावला आणि म्हणाली, “कुठे आहेत ते अंक?”

पलंगाखालची पत्र्याची पेटी निघाली. वर चिठ्ठी होती, ‘वादळ्या!’ मावशी चष्मा लावून खाली चटईवरच बसली. काकांनी न शोधता तो अंक काढला, ते पान उघडलं आणि बाजूला उभे राहिले, शाळेत वही तपासायला दिल्यावर उभं राहतात तसे.

तिने पान जवळ धरलं. मग लांब. टपालवाल्याचं चित्र बोटाने चाचपलं. “किती दमलाय हो हा,” ती म्हणाली. मग दुसरा अंक मागितला, मग तिसरा. एकात वादळ्या चालत निघाला होता आणि त्याला उशीर होत होता, तिथे ती मोठ्याने हसली. लेक कॉलेजातून थेट इकडेच आली होती. तिने दारातच विचारलं, “मग मावशीआजी? किती तारे?”

“चित्रपटाला?” मावशीने विचार केला. “दीड बरोबर आहे. पण बघायला हवा. माणसं बरी असतील तर जाऊन बघावा.”

“अर्धा तारा असा काढायचा,” काका म्हणाले. त्यांनी टेबलावरचा टाक उचलला होता आणि वर्तमानपत्राच्या कडेला अडीच टोकांशी झटापट चालवली होती. आता त्यांची मान सरळ होती.

मावशी पुन्हा पहिल्या अंकावर आली. बराच वेळ बघत राहिली आणि मग तिने चष्म्यावरून वर पाहिलं.

“एक विचारू? मी नुसतं पाणी पी म्हणत नाही. आधी बस म्हणते. दमलेल्या माणसाला उभ्याने पाणी देतं का कोणी? माझं ‘बस’ कुठे गेलं?”

काकांनी टाक खाली ठेवला.

“फुग्यात जागा नव्हती,” ते म्हणाले.

“मग फुगा मोठा करायचा,” मावशी म्हणाली आणि चटईवर शेजारी हात थोपटला. “बसा.”